हावरटपणा नव्हे, आजार
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ते यावर बोलतो. आज जरा ताटावर बोलू.

एखादी बाई चारचौघींत मोजकंच जेवते. पण घर रिकामं झालं की भूक नसतानाही भाकरी, शेव, गूळ, हाती लागेल ते भराभर खाते. थांबायचं असतं, पण थांबता येत नाही. पोट दुखेपर्यंत खाते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. आठवड्यातून एकदा तरी असं होत असेल, आणि तीन महिने चाललं असेल, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला 'बिंज इटिंग डिसऑर्डर' म्हणतात. सणाला दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, तर तो आजार नव्हे. आणि हा आजार बारीक माणसालाही होतो, पुरुषालाही.

घराण्यात चालतो का? हो, काही अंशी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसलं, की कुणाला धोका जास्त, कुणाला कमी, यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. म्हणून आईला असेल तर लेकीला होईलच असं नाही. आपला जालना बियाण्यांसाठी ओळखला जातो, तुम्हाला काय सांगायचं! गुण बियाण्यात असतो, पण पीक रान-पाण्यावरही ठरतं.

ते रान म्हणजे आपलं घर. पोरीला 'जाडे' म्हणून चिडवणं, ताटावरच भांडण काढणं, रडलं की खाऊ देऊन गप्प करणं, यानं धोका वाढू शकतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी, दिवसभर उपाशी राहणारी बाई रात्री अन्नावर तुटून पडली, तर दोष तिचा कसा?

बियाणं बदलता येत नाही बायांनो, रान सुधारता येतं. सगळ्यांबरोबर बसून वेळेवर जेवा. वजनावरून टोमणे बंद करा. त्रास असेल तर कडक उपास धरू नका, त्यानं खाण्याचा झटका वाढतो. समुपदेशनानं हा आजार आटोक्यात येतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आज घरी गेल्यावर लेकीला किंवा सुनेला 'किती खातेस' म्हणू नका. जवळ बसवून विचारा, 'काय होतंय गं तुला?'