पुन्हा मांडलेली चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला उभे करू नका असे मी चिटणीसबाईंना दोन वेळा सांगितले होते. माझे शिक्षण सातवी. शाळा सुटली आणि हातात पाटीच्या जागी पोळपाट आला. सभेत चार शब्द बोलण्यापेक्षा पन्नास पानांचा स्वयंपाक मला सोपा जातो. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "आपले चपाती केंद्र बुडता बुडता कसे राहिले ते तुम्हीच सांगा, कारण बुडवण्यातही तुमचा हात होता." त्या हसत म्हणाल्या, तरी बोलणे खरे आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यात माझी शोभा थोडी आणि चूक जास्त आहे, हे आधीच पदरात घ्यावे.

कामावरून माणूस कमी होणे ही गोष्ट आपल्या कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिल उभी केली. तिच्या भोंग्यावर कितीतरी घरांची चूल पेटायची आणि विझायची. ती मिल २००३ साली बंद पडली. आमच्या घरी हा प्रसंग २०१९ साली आला. देशभर मोटारगाड्यांचा खप घसरला, गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या फौंड्र्यांची कामे कमी झाली. आमचे मालक एका फौंड्रीत मोल्डिंगवर होते. त्यांना एका शनिवारी 'ब्रेक' दिला. ब्रेक म्हणजे काय हे इथे बसलेल्या निम्म्या बायकांना सांगायला नको. सोमवारी येऊ नका, बोलावले की या. बोलावणे काही आले नाही. ते आठ दिवस भिंतीकडे तोंड करून निजून होते आणि एकच म्हणत होते, "आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही गं." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरले होते.

आपले केंद्र २०१४ साली बचत गटातून सुरू झाले. आम्ही अकरा जणी होतो. एका कारखान्याचे कँटीन, राजारामपुरीतल्या दोन मेस आणि मुलांची वसतिगृहे मिळून रोज बाराशे चपात्या जात होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि एका रात्रीत सगळे थांबले. मुले गावी गेली, मेसला कुलूप लागले. पावसाळ्यात थोडे काम परत आले, ते साडेचारशे चपात्यांचे.

मग एका संध्याकाळी आम्ही तिघी, म्हणजे मी, खजिनदार आणि आणखी एक जण, माझ्या स्वयंपाकघरात बसलो. चहा झाला. एवढ्या कामाला सहा जणी पुरेत, पाच जणींना थांबवू, असे ठरले. कोणत्या पाच? ज्या उशिरा येतात, ज्यांची पोरे लहान आहेत, ज्या फार बोलतात. असे वाईट मनाने कोणी ठरवले नाही, पण ठरले ते असेच. फोन करायचे काम माझ्याकडे आले. चार जणी गप्प राहिल्या. पाचवी विधवा बाई, पदरात दोन मुले. ती म्हणाली, "अक्का, माझं काय चुकलं?" मी म्हणाले, तुझे काही चुकले नाही, परिस्थिती तशी आहे. फोन ठेवला आणि मागे वळून बघते तो आमचे मालक दारात उभे. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पाच जणी गेल्या, पण केंद्र काही सावरले नाही. उरलेल्या सहा जणी खाली मान घालून लाटत. पूर्वी ओट्यापाशी सासवा-सुनांच्या गोष्टी चालायच्या, त्या बंद झाल्या, कारण जी ती मनात धरून, आता सहावी कोण. चपात्या करपू लागल्या म्हणून एका मेसवाल्याने तक्रार केली. माणसे कमी केली की खर्च कमी होतो, एवढाच हिशेब आम्हाला येत होता. हाताला भीती लागली म्हणजे पीठसुद्धा नीट मळले जात नाही, हे त्या हिशेबात नव्हते.

२०२१ च्या अखेरीस बचत गटांतल्या बायकांसाठी सरकारी योजनेतून चार दिवसांचे नेतृत्व प्रशिक्षण निघाले. नाव ऐकून मला हसू आले. नेतृत्व म्हणजे निवडणुकीतले, असा माझा समज. भत्ता मिळतो म्हणून गेले, खोटे कशाला बोलू. पहिले दोन दिवस डोळा लागत होता. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला कोरा कागद दिला. म्हणाल्या, तुमच्या गटाने अलीकडे घेतलेला एक मोठा निर्णय आठवा. डाव्या बाजूला तो निर्णय ज्यांना लागू झाला त्यांची नावे लिहा, उजव्या बाजूला निर्णय घेताना जे हजर होते त्यांची लिहा. माझ्या डावीकडे अकरा नावे आली आणि उजवीकडे तीन. कागदाकडे बघताना मला मालकांचे ते वाक्य आठवले. फौंड्रीच्या साहेबाला मी वर्षभर शिव्या दिल्या होत्या, आणि माझ्या स्वयंपाकघरात मीच तो साहेब झाले होते.

त्याच दिवशी बाईंनी मुंबईच्या अन्नपूर्णा महिला मंडळाची हकीकत सांगितली. ती ऐकताना मला माझी आत्या डोळ्यांपुढे दिसू लागली. आजरा, चंदगड, भुदरगड या आपल्याच तालुक्यांतून गिरणीत गेलेले कितीतरी पुरुष लालबाग-परळला एकेका खोलीत पाळीपाळीने राहत. त्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. माझी आत्या त्यांतलीच. दहा-बारा माणसे तिच्या पंगतीला. तीन पाळ्यांची माणसे, म्हणून तिची चूल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. पैसे महिन्याने मिळायचे आणि वाण्याचे मात्र रोज चढायचे, मध्ये सावकार. १९७३-७४ च्या संपात या बायकांनी दागिने गहाण टाकून संपकऱ्यांना जेवू घातले. संपाच्या सभांतून सगळ्यांचे आभार मानले गेले असतील, पण ताट वाढणारीचे नाव कोण घेतो?

गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी ते पाहिले आणि १९७५ साली या बायकांचे मंडळ काढले. सरकारने १९७२ साली गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना आणली होती, पण बँकेच्या पायरीवर चढायला खानावळवालीला धीर कुठला? तारण काय देणार, पातेले? तेव्हा बायकांचे गट केले, एकीला दुसरीची हमी. ज्या बाईला सही येत नव्हती तिने सही शिकायची, बँकेत स्वतः जायचे, आणि आपल्या वस्तीतल्या दहा-वीस जणींची जबाबदारी घ्यायची. बाहेरून कोणी पुढारीण आणली नाही. ज्या चुलीपाशी होत्या त्यांतल्याच पुढे झाल्या.

खरी परीक्षा पुढे आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो कधी मिटलाच नाही म्हणतात. हजारो माणसे कायमची कामावरून गेली, गावाकडे परतली. आत्याच्या पंगतीतले आठ जण एकाच महिन्यात उठले. ती सांगायची, "जेवणारा माझ्या दारातून उपाशी गेला नाही, पण मी मात्र त्याच्या उधारीत बसले." गिऱ्हाईकच नाही तिथे खानावळ कुणाची चालणार? पण ज्यांना तोवर बँक, हिशेब आणि एकत्र बसून ठरवण्याची सवय झाली होती त्यांनी कचेऱ्यांना डबे द्यायला, मोठ्या स्वयंपाकाची कामे घ्यायला सुरुवात केली. वाशीला बायकांसाठी प्रशिक्षणाचे केंद्रही उभे राहिले. आत्या अशाच एका गटात होती. गिरणी गेली आणि आत्याची चूल राहिली, हे मी लहानपणापासून ऐकत होते. का राहिली ते चाळिशीनंतर कळले.

घरी येऊन मी हे मालकांना सांगितले. ते जरा संशयी आहेत. म्हणाले, "कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचं काय झालं ते विचारलंस का?" त्यांच्या फौंड्रीत युनियनची जुनी माणसे ही गोष्ट सांगत. तो कारखाना १९८५ साली बंद पडला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कामगारच त्याचे मालक झाले आणि पुढच्या वर्षी यंत्रे पुन्हा सुरू केली. काही वर्षे चांगला चालला, नफ्यातही आला. पण पुढे खेळते भांडवल कमी पडले, आपापसांत गट पडले आणि कारखाना पुन्हा बंद झाला. मालक म्हणाले, "सगळे मालक झाले म्हणून भागत नाही. रोज एकमेकांचं तोंड बघून बोलावं लागतं." त्यांचे हे म्हणणे मी प्रशिक्षणाच्या वहीतच लिहून ठेवले आहे. तिथल्या बाईंच्या खाली.

मग मी त्या पाच जणींच्या घरी गेले. फोन केला नाही, पायी गेले. दोघींनी चहा दिला, एकीने दिला नाही. विधवा बाई घरी नव्हती. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेऊन बसली होती. मी तिच्या पाटीपुढे उभी राहिले, तर आधी दोन गिऱ्हाइके उरकली आणि मग माझ्याकडे बघितले. म्हणाली, "मी येतो, पण एक सांगतो. हिशेब मोठ्यानं वाचायचा. मला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही मनात वाचून मान हलवता, तसं चालायचं नाही."

पुढच्या शनिवारी दहा जणी बसलो आणि पहिल्यांदाच वही मोठ्याने वाचली. लाज वाटावी असा तो वाचनाचा कार्यक्रम झाला. चपातीचा भाव २०१६ साली ठरवला होता तोच, पाच रुपये. गहू, तेल, सिलिंडर कुठल्या कुठे गेले, आणि आम्ही जुन्याच भावाने कँटीनला चपात्या देत होतो. ही बाई ऐकता ऐकता म्हणाली, "मंडईत भाव रोज सकाळी विचारावा लागतोय, तुम्ही पाच वर्षांत एकदा पण विचारला नाही?" शिवाय टाळेबंदीआधीची एकेचाळीस हजारांची उधारी वहीत तशीच पडून होती. मागायला कोण जाणार, म्हणून राहिली होती. आणि शेवटी तिने जे विचारले त्याला कोणाकडे उत्तर नव्हते. "काम कमी होतं तर सहा जणींना पूर्ण भाकरी आणि पाच जणींना उपास, असं का केलं? अकरा जणींनी आळीपाळीनं केलं असतं तर?" दिवसाआड पाळी. इतके सोपे. तीन डोक्यांत आले नव्हते.

त्यानंतरचे भराभर सांगते, कारण जेवणाची वेळ होत आली आहे. भाव वाढवला, एक गिऱ्हाईक गेले, बाकीचे राहिले. उधारी मागायला दोघी-दोघी जात राहिलो आणि एकोणतीस हजार वसूल झाले. ज्वारी-नाचणीची भाकरी, पिठले आणि खर्डा हे तिचेच डोके. आज निम्मे काम त्याचे आहे. अध्यक्ष दर तीन महिन्यांनी बदलतो. पहिल्यांदा एकीची पाळी आली तेव्हा ती रडली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. आम्ही तिची वाट पाहिली, तिच्या जागी कोणी बसले नाही. आता तीच बँकेत जाऊन साहेबांशी बोलते. भांडणे होत नाहीत असे नाही. परवाच तेलाच्या डब्यावरून दोन तास गेले. केंद्रात आज चौदा जणी आहेत.

जुन्या पाचांपैकी चौघी परत आल्या. पाचवी आली नाही. मी घरी गेले तेव्हा चहा न देणारी तीच. ती आता मुलाकडे इचलकरंजीला असते. वसूल झालेल्या उधारीतला तिच्या हजेरीप्रमाणे हिस्सा दोन हजार चारशे पन्नास रुपये होतो. तो पाकिटात घालून तिचे नाव लिहून कपाटात ठेवला आहे. दोनदा निरोप पाठवला, तिने "राहू दे" म्हणून सांगितले. दर शनिवारी हिशेब वाचताना ते पाकीटही मोठ्याने वाचले जाते, असा ठराव आहे, आणि वाचण्याची पाळी माझी असली की माझा आवाज तिथे अडतो. येत्या बुधवारी केंद्राला सुट्टी आहे. त्या दिवशी मी सकाळच्या एस. टी. ने इचलकरंजीला जाणार आहे.