नाव नसलेली उसनवारी

ज्याने शाळेचे ग्रंथालय सांभाळले आहे, त्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. नेणाऱ्याचे नाव न लिहिता दिलेले पुस्तक सहसा परत येत नाही. आणि संशय मात्र एखाद्या गरीब, वाचनवेड्या मुलावर जातो. संगणकाच्या पोटातही असाच प्रकार घडतो, आणि त्यावर जाणत्यांनी योजलेला उपायही आपल्या नोंदवहीसारखाच आहे. त्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

संगणकात अनेक कामे एकाच वेळी चाललेली असतात. प्रत्येकाला स्मृती, म्हणजे मेमरी, लागते. ती कोणाला किती द्यावयाची हे ठरविणारा कारभारी म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. एखादा सामान्य प्रोग्राम बंद पडला, तर त्याने उसनी घेतलेली स्मृती कर्नल परत घेतो. परंतु नेटवर्क, डिस्क इत्यादी चालविणारे ड्रायव्हर बहुधा कर्नलच्याच घरात राहतात. त्यांनी घेतलेली स्मृती आपणहून परत केली नाही, तर ती मागणारा कोणी उरत नाही. यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत ती अडकून पडते. हीच स्मृतीची गळती.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या कार्यालयातील संगणक सुरू केल्यापासून तिसऱ्या दिवशी मंद होई. एकदा निकालाच्या सुमारास तो अडकला आणि दोन वर्गांचे भरलेले गुण नाहीसे झाले. दोष आला तो कार्यालयातील लेखनिक बाईंच्या माथी. ‘त्या नको ते उघडून ठेवतात,’ असे सर्वांनी ठरविले. आणि सांगावयास लाज वाटते, त्या सर्वांत मीही होतो.

पुढे आमचाच एक माजी विद्यार्थी सुटीत भेटावयास आला. त्याने प्रथम चालू प्रोग्रामांनी घेतलेल्या स्मृतीची बेरीज केली. ती अगदी किरकोळ निघाली. परंतु यंत्रातील बहुतेक स्मृती तर संपलेली! मग उरलेली गेली कोठे?

ते यंत्र विंडोज या कार्यप्रणालीवर चालणारे होते. तीत कर्नलच्या साठ्यातून स्मृती मागताना ड्रायव्हराने चार अक्षरांची एक चिठ्ठी जोडावयाची असते. तिला पूल टॅग म्हणतात. पूलमॉन नावाचे साधन प्रत्येक चिठ्ठीपुढे किती वेळा स्मृती घेतली, किती वेळा परत केली आणि किती बाइट अद्याप येणे आहेत, याचा हिशेब मांडते. त्या मुलाने तो तक्ता अर्धा तास पाहिला. इतर आकडे वरखाली होत होते. एका चिठ्ठीचा आकडा मात्र नुसता वाढतच होता. शोध घेता ती नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हराची निघाली. नवा ड्रायव्हर बसविला आणि व्याधी गेली.

लिनक्स या कार्यप्रणालीतही हाच विचार रुजला आहे. तेथे प्रोग्रामाला आपल्या स्मृतीच्या निनावी पट्ट्यांना नावे देता यावीत, अशी सोय 2022 साली 5.17 या आवृत्तीत झाली. अँड्रॉइडमध्ये ती त्यापूर्वी काही वर्षे वापरात होती. पुढे 2024 साली 6.10 या आवृत्तीत कर्नलच्या स्वतःच्या उसनवारीची नोंद आली. कोणत्या फाइलीतील कितव्या ओळीने किती स्मृती घेऊन ठेवली आहे, हे आता एका यादीत वाचता येते. ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे, तर नेणाऱ्याच्या नावासोबत त्याची इयत्ता आणि बाकही लिहिला जाऊ लागला.

अर्थात चिठ्ठी म्हणजे न्यायाधीश नव्हे. दोन निरनिराळ्या ड्रायव्हरांनी एकच चार अक्षरे वापरली, तर घोटाळा होऊ शकतो. शिवाय मोठा आकडा म्हणजे गळतीच असे नाही. ज्याचे काम मोठे, तो अधिक घेणारच. पाहावयाचे ते हे, की घेतलेले परत येते की नाही. चिठ्ठी फक्त चौकशी कोठे करावी हे दाखविते. पण नेमके तेच आम्ही केले नव्हते. हिशेब हाती नव्हता, म्हणून समोर बसलेल्या माणसाकडे बोट दाखविले.

दुसऱ्या दिवशी मी लेखनिक बाईंकडे गेलो आणि क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, “सर, ते गुण मी त्याच रात्री हाताने पुन्हा उतरवून काढले होते. कोणी विचारले नाही, म्हणून सांगितले नाही.”

श्रोतेहो, यंत्राच्या नोंदवहीत ती रात्र कोठेही लिहिलेली नव्हती. ती लिहून ठेवणे आपले काम होते.