कृत्रिम सांध्याला वाचा फुटते तेव्हा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आरोग्याच्या विषयावर बोलावे असा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी वैद्य नाही. मोजमापाची उपकरणे तयार करणारा अभियंता आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या सभागृहात चटयांच्या मागे खुर्च्यांच्या रांगा वाढत चालल्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या गुडघ्यात वा खुब्यात धातूचा सांधा आहे. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मुलासुनांसाठी, मी आज उभा आहे.

माझ्या आईचा उजवा गुडघा येथेच, अमेरिकेत, बदलला गेला. तीन वर्षे उत्तम गेली. मग ती म्हणू लागली, "बाबू, पयलं पाऊल टाकलं का आतून काही सरकल्यावानी होते. मंग चार पावलांनी बरं वाटते." डॉक्टरांपुढे दुभाषी मीच होतो. मी इंग्रजीत सांगितले, "थोडे दुखते." क्ष-किरण चित्र स्वच्छ आले. वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. असे दीड वर्ष चालले. अखेर दुसऱ्या एका शल्यविशारदांनी उठतानाच्या पहिल्या पावलाविषयी नेमका प्रश्न विचारला आणि मी तिचे वाक्य प्रथमच जसेच्या तसे सांगितले. सांधा हाडापासून सुटला होता. उठल्यावर पहिल्या पावलांना होणारी वेदना हे सैल झालेल्या सांध्याचे जुने, परिचित लक्षण आहे, हे मला तेव्हा कळले. तिने ते अचूक सांगितले होते. वाटेत गळाले ते माझ्या तोंडून.

बिघाड लवकर का कळत नाही, याचे उत्तर सांध्याच्या रचनेत आहे. जॉन चार्न्ली यांनी १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये खुब्याची जी रचना सिद्ध केली, तिच्यात धातूचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत फिरतो. गुडघ्यातही धातू प्लास्टिकवर सरकतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, शरीर त्यांच्याविरुद्ध लढू लागते आणि त्या लढाईत भोवतालचे हाडच झिजते. चित्रात ही झीज दिसते तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते. घाबरण्याचे कारण नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

सांध्याच्या आतच मोजमाप करावे ही कल्पना नवी नाही. स्वीडनच्या रिडेल यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खुब्याच्या सांध्यावर ताणमापक बसविले होते. त्यांच्या तारा त्वचेतून बाहेर काढाव्या लागत. पुढे बर्लिनमध्ये बर्गमन आणि सहकाऱ्यांनी तारांशिवाय, रेडिओलहरींनी माहिती बाहेर आणली. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, हे त्यातून प्रत्यक्ष कळले. आणि एका रुग्णाला अवचित ठेच लागली त्या क्षणी तो आठपटींच्याही पुढे गेला. (आमच्या घरातील सतरंज्यांच्या दुमडलेल्या कडा मी त्यानंतर सरळ करून ठेवल्या.) तासभर चालल्यावर एका सांध्याचे तापमान ४३ अंशांपर्यंत चढल्याचेही त्यांना आढळले. ही नोंद मी मुद्दाम सांगतो. जंतुसंसर्गाने सांधा तापतो, म्हणून आत तापमापक ठेवला की झाले, असे वाटते. परंतु नुसत्या चालण्यानेही तो तापत असेल, तर एका आकड्यावरून निदान करता येत नाही. त्या व्यक्तीचे, त्याच सांध्याचे, चांगल्या दिवसांतले आकडे आधी हाती असावे लागतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'पर्सोना आयक्यू' नावाच्या गुडघ्याला परवानगी दिली. नडगीच्या हाडात उतरणाऱ्या त्याच्या दांड्यात हालचाल टिपणारे सेन्सर आणि बॅटरी असते. दिवसभराची पावले, चालण्याचा वेग, पावलाची लांबी, गुडघा किती वाकला, हे सारे तो नोंदवतो आणि घरात ठेवलेल्या लहान यंत्राकडे पाठवतो. तेथून ते डॉक्टरांपर्यंत जाते. मात्र परवानगी देतानाच प्रशासनाने स्पष्ट केले होते की, ही माहिती उपचाराचा निर्णय घेण्यासाठी नाही आणि तिचा वैद्यकीय लाभ सिद्ध झालेला नाही. जाहिरातीत हे वाक्य बारीक अक्षरांत असते. आपण ते मोठ्या अक्षरांत वाचावे. हा गुडघा चाल मोजतो, सैलपणा नव्हे. चाल हळूहळू मंदावली तर त्यावरून शंका घेता येईल, एवढेच. सांध्याच्या कंपनांतील फरकावरून सैलपणा थेट ओळखण्याचे प्रयत्न संशोधनाच्या पातळीवर चालू आहेत.

तरीही मला या यंत्राविषयी आदर आहे. आईच्या गुडघ्यात ते असते, तर "थोडे दुखते" या माझ्या दोन शब्दांशेजारी महिन्यामहिन्याने मंदावणारी तिची चाल आलेखावर उभी राहिली असती. तिच्या मुलाच्या इंग्रजीवर सारी मदार राहिली नसती. परंतु आलेख सपाट असला म्हणून, "आकडे ठीक आहेत, दुखणे मनाचे आहे," असे कोणी म्हणू लागला तर? मांडी घालून बसणे, पाटावरून उठणे, या हालचालींचा अर्थ लावायला त्या यंत्राला शिकविले आहे काय, हेही विचारले पाहिजे. आणि घराघरांतून जाणारी ही माहिती कोणाकडे साठते, विमा कंपनीला ती पाहता येते काय, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे.

आईची दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. बदललेला सांधा पुन्हा बदलणे पहिल्याहून अवघड असते. ती आता काठीने चालते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिला चालवतो, घड्याळ लावून सेकंद मोजतो आणि वहीत लिहितो. शेजारच्या रकान्यात ती काय म्हणाली ते तिच्याच वऱ्हाडीत, एक शब्दही न गाळता. पुढच्या भेटीला रुग्णालयाचा दुभाषी मागितला आहे. मी मागे बसणार आहे. त्या वहीच्या कोऱ्या पानांच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना अवश्य घेऊन जा.