जुन्या सायकलीचें वय

मनुष्यास त्याचें वय विचारणें असभ्यपणाचें मानतात; सायकलीचें वय विचारण्यास मात्र कांहीं प्रत्यवाय नाहीं. अडचण एवढीच कीं, सायकल स्वतः बोलत नाहीं आणि तिच्याविषयीं तिचे मालक फार बोलतात.

आमच्या घरींही असेंच पुष्कळ वर्षें चाललें होतें. अकोल्यास आमच्या ओसरीवर एक काळी हर्क्युलस सायकल उभी आहे. १९३० सालीं अकोला जिल्ह्यांतील दहिहांडा येथें खारपाणपट्ट्यांतील विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंग झाला, तेव्हां आमचे आजोबा ह्याच सायकलीवरून तेथें गेले, असें मी लहानपणापासून ऐकत आलों. गेल्या वर्षीं नातवानें विचारलें, "आबा, हें कशावरून?" उभा जन्म मुलांना 'कशावरून' हा प्रश्न शिकविण्यांत गेला, तोच आतां मजवर उलटला. तेव्हां मी शोधास लागलों. त्या शोधांत जें शिकलों तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम लक्ष जातें तें नंबराकडे. तो बहुधा सीटखालच्या जोडावर, किंवा पायडलचा आंस ज्या नळींत फिरतो तिच्या खालीं ठोकलेला असतो. परंतु नंबर म्हणजे हजेरीपटावरील क्रमांक होय. पटच हरवला तर नुसता 'सत्तावीस' हा आंकडा मुलाचें नांवही सांगत नाहीं आणि सालही सांगत नाहीं. अमेरिकेंतील हौशी लोकांनीं ह्या विषयाचें शास्त्रच बनविलें आहे, म्हणून तिकडील एक दाखला घेतों. शिकागोची श्विन कंपनी १८९५ सालीं स्थापन झाली. १९४८ सालच्या आगींत तिचीं नंबरांचीं जुनीं दप्तरें जळालीं; म्हणून त्यापूर्वींच्या श्विनचें वर्ष केवळ नंबरावरून निश्चित सांगतां येत नाहीं. उलट १९६५ पासून तिच्या नंबराच्या आरंभीं दोन अक्षरें येऊं लागलीं, पहिलें महिन्याचें व दुसरें वर्षाचें. दुसरें अक्षर 'ए' असेल तर १९६५ आणि 'बी' असेल तर १९६६. नंबराची जागाही बोलकी असते. सुमारें १९५२ पर्यंत तो पायडलच्या नळीखालीं, पुढें मागल्या चाकाच्या डाव्या खांचेजवळ आणि १९७० पासून हँडलच्या नळीवर आढळतो.

आपल्या वऱ्हाडांत मात्र जुन्या सायकली आल्या त्या मुख्यतः इंग्लंडहून. अमेरिकन सायकल पुष्कळदां जाड टायरांची आणि पायडल उलट दाबून थांबविण्याची. श्विननें तसले फुगीर टायर १९३३ सालीं आणले. इंग्रजी सायकल उंच, बारीक टायरांची व सळयांच्या ब्रेकची. हिचें कूळ ओळखावयाचें तर दांतेरी चक्र पाहावें. रॅलेच्या चक्रांत बगळ्याचीं मुंडकीं, रजच्या चक्रांत हाताचा पंजा, हंबरच्या चक्रांत गुंफलेल्या मनुष्याकृति. बी. एस. ए. हा मूळचा बंदुकांचा कारखाना. म्हणून त्याची खूण तीन बंदुकांची. नंतर मुलामा पाहावा. निकेलची झांक किंचित् पिवळसर, क्रोमची निळसर. आणि सायकलींवर क्रोम आलें तें १९३० च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तर चकचकीत भागांनाही काळाच रंग देत.

अमरावतीच्या एका शिक्षकमित्राकडे तीन गतींची रॅले आहे. मागच्या हबवरील काजळी रॉकेलच्या फडक्यानें पुसली, तों 'ए. डब्ल्यू.' ह्या अक्षरांजवळ ५२ व ४ हे आंकडे उघडे पडले. म्हणजे हब एप्रिल १९५२ मधील. मित्र आनंदला, पण मीं त्यास सांगितलें कीं, चाक बदलतां येतें, तेव्हां हबची साक्ष हबपुरतीच धरावी. सांगाड्याची साक्ष सांगाड्यानेंच दिली पाहिजे.

हाच नियम घरच्या सायकलीस लावण्याची पाळी आली. तिची पितळी घंटी जुनी, कडेस निकेलचा पिवळसर अंश राहिलेला. नगरपालिकेच्या सायकल-कराचा एक बिल्ला पेटींत सांपडला. पण बिल्ला कर भरल्याचें साल सांगतो, सायकलीच्या जन्माचें नव्हे. नंबर होता, पट नव्हता. सांगाड्यावर रंगाचे तीन थर होते. पॉलिश-कागद न लावतां ओल्या फडक्यानें मीं ते चार दिवस हळूहळू उतरविले, तेव्हां खालीं अक्षरें दिसलीं : 'मेड इन इंडिया'. हर्क्युलस ही मूळची बर्मिंगहॅमची, १९१० सालची. भारतांत ती मद्रासजवळ अंबत्तूर येथें तयार होऊं लागली ती १९५१ पासून. तेव्हां आमची सायकल १९३० सालीं दहिहांड्यास जाणें शक्यच नव्हतें.

हें घरांत कसें सांगावें, हा मोठा प्रश्न पडला. आजोबा गेलेच नव्हते कीं काय, अशी शंकाही मनास चाटून गेली. शेवटीं नव्वदीच्या जवळ आलेल्या आत्याबाईंकडे गेलों. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बाबू, थे पयली सायकल मायनं इकली. बेचाळीस साली बाबा तुरुंगात होते, घरात जवारी नोती. घंटी तेवढी काढून ठेवली. बाबा सुटून आले, पन त्यायनं एक शब्द इचारला नाई."

पुढें आजोबांनीं दुसरी सायकल घेतली व तीच घंटी तिला लावली. विक्रीचा विषय कोणी काढला नाहीं, म्हणून आम्हां मुलांना दोन सायकली एकच वाटल्या. घंटीवर वर्षाचा शिक्का नाहीं. तिचा पिवळसर मुलामा ह्या हकीकतीशीं जुळतो, पण ती सिद्ध करीत नाहीं. तेथें आत्याबाईंचें सांगणें हाच पुरावा.

नातवानें आतां एका पुठ्ठ्यावर लिहून सायकलीस बांधलें आहे : "हर्क्युलस, भारतीय बनावट, १९५१ किंवा नंतरची. पहिली सायकल १९४२ सालीं विकली. घंटी तिचीच, असें आत्याआजी सांगतात." 'असें सांगतात' हे शब्द त्यानें आपण होऊन घातले, ह्याचें मला समाधान वाटलें.

श्रोतेहो, आपल्या घरीं अशी सायकल असेल तर नंबर, जोड, चक्र, मुलामा आणि हब हीं सर्व तपासा व कागदावर टिपून ठेवा. परंतु रॉकेलचें फडकें हातीं घेण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांजवळ घटकाभर बसा. लोखंडावरचीं अक्षरें आणखी पन्नास वर्षें थांबतील.