सरकारची तयारी मोजायची कुठून?

(खराडी येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'संगणक आणि सरकार यावर बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल.' मी इथून जवळच, इऑन आयटी पार्कच्या बाजूला काम करतो. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगणार आहे. पण तिच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागेल.

आधी काही आकडे. संयुक्त राष्ट्रसंघ दर दोन वर्षांनी 193 सदस्य देशांची एक यादी काढतो. कुठल्या देशाचं सरकार संगणकाच्या मदतीने कारभार करायला किती तयार आहे, त्याची ती क्रमवारी. भारत 2018 मध्ये 96वा होता, 2020 मध्ये 100वा, 2022 मध्ये 105वा आणि 2024 मध्ये 97वा. चारही वेळा पहिला नंबर डेन्मार्कचा.

ही बातमी आली की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतात, 'बघा, आपण किती मागे!' दुसरे म्हणतात, 'भाजीवाल्याकडे क्यूआर कोड आहे, आणि आपण शंभरावे? यादीच खोटी.' मला दोघांचंही पटत नाही. यादी खोटी नाही. ती काय मोजते ते बघायला हवं.

तिचे तीन भाग आहेत: ऑनलाइन सेवा, दूरसंचाराच्या सोयी आणि लोकांचं शिक्षण. तिन्हींना सारखे गुण, आणि मग सरासरी. 2018 मध्ये भारताला ऑनलाइन सेवांसाठी 1 पैकी 0.95 मिळाले. शिक्षणाला 0.55. दूरसंचाराला 0.20. म्हणजे पोर्टल जगातल्या चांगल्या पोर्टलांच्या रांगेत, आणि ते उघडायला लागणारं इंटरनेट पार तळाशी. सरासरी आली 0.57. त्या एका आकड्यावरून यातलं काही कळतं का?

बरं, ते 0.95 कसे मिळतात? अभ्यासक देशाचं मुख्य पोर्टल आणि मंत्रालयांच्या वेबसाइट उघडून बघतात. अर्ज करायची सोय आहे का, पैसे भरता येतात का, तक्रार नोंदवता येते का. सोय दिसली की गुण. शिवाय सरकारांकडून एक प्रश्नावली भरून घेतात. न्यूयॉर्कमध्ये बसून 193 देश मोजायचे तर याहून वेगळं फारसं करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण पोर्टलवर सोय असणं आणि चंदननगरच्या एका बाईला तिचा दाखला मिळणं यात जे अंतर आहे, ते या मोजणीत कुठेच येत नाही.

गंमत म्हणजे ही 'तयारी' मोजायची कल्पना निघाली तेव्हा ती क्रमवारीची नव्हती. 2000 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका केंद्राने विकसनशील देशांसाठी एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात एकोणीस बाबी होत्या, आणि प्रत्येक बाबीच्या चार पायऱ्या. एखाद्या गावाने, शहराने स्वतःच बसून ठरवायचं, आपण कुठल्या पायरीवर आहोत. लगेच पुढच्या दोन वर्षांत त्याच केंद्राने जागतिक आर्थिक मंचाबरोबर देशांची क्रमवारी लावायला सुरुवात केली. आपल्याकडेही 2000 नंतरच्या दशकात केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने राज्यांचे असेच अहवाल काढले. त्यात राज्यांची 'लीडर्स'पासून 'लीस्ट अचीव्हर्स'पर्यंत वर्गवारी असे. 2019 पासून केंद्राचं नवं मूल्यमापन सुरू आहे, नेस्डा नावाचं. पोर्टल वापरायला किती सोपं, माहिती सुरक्षित आहे का, अर्जाचा माग काढता येतो का, हे ते बघतं. पहिल्यापेक्षा बरं आहे. पण तेही पोर्टलच्या बाजूनेच बघतं.

2003 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी विकसनशील देशांतल्या ई-शासन प्रकल्पांचा एक अंदाज मांडला होता. 35 टक्के पूर्ण अपयशी, 50 टक्के अर्धवट अपयशी, 15 टक्के यशस्वी. कारण काय दिलं? मशीन कमी पडलं, असं नाही. प्रकल्प आखणाऱ्याच्या डोक्यातलं ऑफिस आणि प्रत्यक्षातलं ऑफिस यांत जितकं अंतर जास्त, तितका प्रकल्प कोसळण्याचा धोका जास्त.

हे अंतर आपल्या घरात कसं दिसतं ते सांगतो. माझ्या अम्मीच्या नावापुढे शाळेच्या दाखल्यावर काहीच नाही. रेशनकार्डावर 'बी' आहे. आधारवर 'बेगम' आहे, आणि मराठी स्पेलिंग इंग्रजीवरून सॉफ्टवेअरने बसवलेलं आहे. ऑपरेटरने ते तपासायचं असतं, त्या दिवशी तपासलं नाही. अर्जाच्या फॉर्ममध्ये तीन खिडक्या: नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही सक्तीच्या. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव असतं. आपल्याकडे कितीतरी बायकांचं नाव या तीन खिडक्यांत बसत नाही. फक्त आपल्याकडेच असंही नाही. इथे बांधकामांवर राहणाऱ्या मराठवाड्यातल्या, बिहारमधल्या मजुरांना विचारा.

अम्मीला उत्पन्नाचा दाखला हवा होता. सेवा ऑनलाइन आहे. तिला चार खेपा पडल्या. एकदा नाव जुळत नाही म्हणून, एकदा प्रतिज्ञापत्र हवं म्हणून, एकदा प्रतिज्ञापत्रातलं नाव जुळत नाही म्हणून. चौथ्यांदा मी रजा काढून गेलो तेव्हा काम झालं. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याच्या पडद्यावर लाल रेघ येत होती, तो तरी काय करणार?

मुळात कागद आणि पडदा जुळवायला माणूस लागतो. खराडी 1997 मध्ये महापालिकेत आली. त्याआधी इथे जन्मलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत, हाताने लिहिलेली. त्याहून मागे गेलात तर कोतवाल बुक, आणि बऱ्याच ठिकाणी मोडी लिपी. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा स्कॅनर आणि सर्व्हर सरकारकडे होतेच. शोधाशोध करावी लागली ती मोडी वाचणाऱ्यांची. तयारीच्या कुठल्या निर्देशांकात मोडी वाचणाऱ्यांची संख्या असते? आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालणार आहे. तेव्हा त्यावरचं एक चुकलेलं अक्षर जन्मभर सोबत राहील.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे परदेशातल्या एका सरकारी खात्याचं काम होतं. देश आपल्यासारखाच, विकसनशील. वेळेत निकाली निघालेल्या अर्जांचं प्रमाण दाखवणारा डॅशबोर्ड बनवायचा होता. 'अपूर्ण' म्हणून परत केलेले अर्ज मोजायचे की नाही, असा प्रश्न आला. मी एका ओळीत ते वगळले. मला ते बरोबरच वाटलं. अर्जच पूर्ण नाही, तर उशीर कसला? आकडा एकदम हिरवा झाला. खातं खूश, आम्ही खूश. अम्मीच्या चार खेपा झाल्यावर लक्षात आलं, तिच्या पहिल्या तीन खेपा माझ्या त्या डॅशबोर्डवर दिसल्याच नसत्या. तिचा अर्ज चौथ्या खेपेला 'आला' आणि वेळेत 'निघाला' असं दिसलं असतं.

आपल्या राज्याच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातही मुदत मोजायला सुरुवात होते ती सर्व बाबतीत पूर्ण असलेला अर्ज दिल्यापासून. तत्त्वतः ते ठीक आहे. पण अर्ज पूर्ण आहे की नाही हे खिडकीवर तोंडी ठरत असेल, तर परत पाठवलेला माणूस कुठेच नोंदला जात नाही. त्याच कायद्यात आपल्या हातात काही गोष्टीही दिल्या आहेत. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. अर्ज नाकारला तर कारण लेखी दिलं पाहिजे. 30 दिवसांत अपील करता येतं, मग दुसरं अपील, मग आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. आपली माणसं पोचच मागत नाहीत. 'साहेबांना राग येईल' म्हणतात. अम्मीही हेच म्हणाली होती. खरं सांगायचं तर चौथ्या खेपेला मीही मागितली नाही.

म्हणून माझी एक छोटी सूचना आहे. त्या 2000 सालच्या मार्गदर्शिकेसारखी, आपणच मोजायची. आपल्या मदत केंद्रावर रविवारी जी माणसं येतात त्यांची एक वही ठेवू. कुठली सेवा, कितवी खेप, परत पाठवलं तर काय सांगून, ते लेखी होतं की तोंडी, आणि शेवटी काम कधी झालं. नाव, पत्ता, आधार क्रमांक लिहायचा नाही. ती माहिती आपल्याला लागत नाही आणि सांभाळताही येणार नाही. सहा महिन्यांत दोनशे नोंदी झाल्या तरी वॉर्ड ऑफिसला आणि तहसीलला दाखवण्याजोगं काहीतरी हातात असेल. कोणाला दोष द्यायला नव्हे. कुठल्या खिडकीवर कुठल्या कारणाने माणूस परत फिरतो, हे त्यांनाही कदाचित माहीत नसेल, कारण त्यांच्या डॅशबोर्डवर ते कोणीतरी माझ्यासारख्याने वगळलेलं असेल.

वही मी आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. रकाने आखले आहेत. पहिली नोंद अम्मीची केली आहे: उत्पन्नाचा दाखला, चार खेपा, तिन्ही वेळा तोंडी. दर रविवारी दोन जण लागतील, एक लिहिणारा आणि एक उर्दू-हिंदी बोलणारा. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.