वळिवड्याची फुलझाडे



आजचे व्याख्यान प्रवासाचे आहे हे ऐकून कोणी काश्मीर-उटीची अपेक्षा केली असेल, तर त्यांची निराशा होईल. आमचा प्रवास बहुधा कामगारांच्या तंट्यापायी घडतो. वाशीच्या बाजारातले पुष्कळ माथाडी बांधव सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. त्यांच्यामुळे आमचे पाय वळिवड्याला लागले.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाताना थोड्याच अंतरावर हे गाव लागते. शेजारच्या गांधीनगरात कापडाची मोठी पेठ आहे. लोक लुगडी घेतात, शर्टपीस घेतात आणि परततात. त्या दुकानांखालच्या जमिनीला महायुद्धाचा इतिहास आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने झडप घातली. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडातील लाखो माणसांना रात्री-अपरात्री घरातून उठवून आगगाडीत कोंबले आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडले. तेथे लाकूडतोड, उपासमार आणि थंडी. 1941 साली जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा समझोता होऊन यांची सुटका झाली. 1942 साली हजारो माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. राहिल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांना ठेवायचे कोठे? जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीस मुलांना आसरा दिला, आणि 1943 साली कोल्हापूर संस्थानात वळिवड्यास मोठी छावणी वसली. सुमारे 5,000 माणसे तेथे राहिली.

छावणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तंबू आणि काटेरी तार येते. वळिवड्यास कौलारू बराकींच्या रांगा होत्या, आपल्या चाळींसारख्या. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली होती. शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते. मुलांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्यातलेच शिक्षक शिकवीत. आणि त्या बायकांनी बराकींपुढे फुलझाडे लावली, लहान लहान बागा केल्या.

आम्हांला त्या बागांचे फार नवल वाटते. आपण येथे कायमचे राहणार नाही, हे त्यांना माहीत होते. मग बाग कशाला? आमच्या मते उत्तर सोपे आहे. रात्री दारावर थाप पडणार नाही, एवढा भरवसा त्यांना मिळाला होता. दार स्वतःचे असले की माणूस दारापुढची जागा झाडतो, तेथे काहीतरी लावतो. जो गड्यांबरोबर गाळ्यातल्या पोत्यांवर निजतो, उद्या उठवतील या धास्तीत असतो, त्याला आपण आळशी आणि घाणेरडा म्हणतो. त्याला दार कोणी दिले, हे मात्र विचारत नाही.

युद्ध संपले तरी अनेकांना परतता आले नाही, कारण त्यांची गावेच रशियाच्या हद्दीत गेली. कोणी इंग्लंडास गेले, कोणी ऑस्ट्रेलियास. 1948 साली छावणी रिकामी झाली. तिकडे फाळणीने सिंधी बांधवांना देशोधडीस लावले होते. त्यांना तेथे वसवले आणि गांधीनगर उभे राहिले. एका निर्वासिताच्या चुलीवर दुसऱ्या निर्वासिताने तवा ठेवला.

आता आपल्याकडे पाहू. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. आगरी-कोळी शेतकऱ्यांची शेते, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. वाशीत ज्यांची जमीन गेली ते आहेत, आणि पोटासाठी आलेलेही आहेत. दोघांची भांडणे लावणारे पुष्कळ भेटतील. आमचे म्हणणे एवढेच, की दोघांनाही उपकाराची भाकर नको आहे. एकाला जमिनीचा न्याय हवा, दुसऱ्याला हक्काचे दार हवे. एकाचे काढून दुसऱ्याला देण्याने हा हिशेब मिटणार नाही.

म्हणून अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा अर्धा दिवस राखून ठेवा. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचे स्मारक आहे, ते पाहा. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत, तेथे थांबा. मग वळिवड्यास जा. मुलांनाही न्या, आणि त्यांना सांगा, की युद्धाने हाकललेली परक्या देशाची माणसे येथे पाच वर्षे निर्धास्त झोपली.