पहिल्या नमुन्याचे भांडवल



आपल्या भागात कारागिराला वाण नाही. वाण आहे ती त्याच्या पहिल्या प्रयोगाचा खर्च सोसणाऱ्याची. आज आम्ही बोलणार आहोत ते याविषयी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हाची समजूत. तो नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. माल खपू लागल्यावर मदत करणारे पुष्कळ भेटतात. आधी करणारा विरळा.

तथापि नांगराला हजारो गिऱ्हाईके होती. शास्त्रीय उपकरणाचे तसे नाही. द्राक्षाच्या रसातील साखर मोजणारे साधे यंत्र घ्या. रस जितका गोड, तितका त्यातून जाणारा प्रकाश अधिक वाकतो, हे त्यामागील तत्त्व. तत्त्व सोपे, पण उष्णतामान बदलले की माप चुकते. म्हणून नमुना करावा, प्रमाणाशी ताडावा, मोडून पुन्हा करावा. बँक इमारतीवर, यंत्रावर, मालावर कर्ज देते. मोडलेल्या नमुन्यावर कोण देणार?

येथे सरकारचे काम सुरू होते. अमेरिकेत 1977 साली याचा प्रयोग झाला आणि 1982 साली कायदा झाला. रीत अशी : प्रथम थोडी रक्कम, कल्पना टिकते की नाही हे पाहण्यापुरती, टिकली तर नमुन्यासाठी मोठी, बाजारात मात्र आपल्या हिमतीवर जावे. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 साली अशीच योजना आणली. 2012 साली स्थापन झालेली ‘बायरॅक’ ही संस्था नव्या कल्पनेस 50 लाखांपर्यंत अनुदान देते. पण तिचे क्षेत्र जैवतंत्रज्ञानाचे.

जनतेचा पैसा बुडेल, असे कोणी म्हणेल. काही बुडेलच. परंतु पायरीपायरीने परीक्षा घेतली, तर थोडक्यात बुडेल, आणि बुडालेल्या प्रयोगातूनही हात तयार होतात.

आपल्या भागाला तर उपकरणांची गरज दारातच आहे. 1967 च्या भूकंपानंतर कोयनेची भूमी शास्त्रज्ञांच्या नजरेखाली आहे; 2017 साली तेथे 3 किलोमीटर खोल विवर पाडण्यात आले. महाबळेश्वरी 2012 पासून ढगांचा अभ्यास चालतो. शास्त्र आमच्या डोंगरात येऊन मापे घेते. त्या मापांची काही साधने तरी आमच्या कारखान्यांत का होऊ नयेत?

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे. उपकरणांसाठी पायऱ्यांनी अनुदान मिळावे. सांगलीच्या वालचंद व कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा छोट्या कारखानदारास माफक दरात वापरू द्याव्यात. आणि कसोटीस उतरलेला पहिला नमुना सरकारी संस्थेनेच विकत घ्यावा. कारण पहिल्या गिऱ्हाइकावाचून दुसरे येत नाही.

औंधच्या अधिपतींनी एका छोट्या संस्थानात जे केले, ते लोकांच्या राज्याला जड जाऊ नये.